लहान मासा जातो कुठे?

ते पत्र येऊन तीन वर्षं उलटली, तरी काटेवाल्याने त्याला उत्तर दिलं नव्हतं. उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही. पक्कं ठाऊक होतं, तीच तर पंचाईत होती.

बंदराच्या धक्क्यावरच्या कचेरीत तो बोटींतून उतरणारा मासा तोलायचा आणि लहान किती, मोठा किती, हे वहीत लिहायचा. कोणत्या बोटीने वर्षाला किती मासा धरायचा, तो कोटा सरकार याच आकड्यांवरून ठरवायचं. माणूस भिडस्त, फावल्या वेळात पुस्तकात तोंड खुपसून बसणारा. कुणी मोठ्याने बोललं, की चूक आपलीच असणार असं धरून चालायचा. अशा माणसाला मत्स्य संशोधन केंद्रातल्या एका बाईंनी लिहिलं होतं, ‘तुमच्या वहीत वीतभराहून लहान मासा जवळजवळ नाहीच. समुद्रात तर तो असलाच पाहिजे. मग तो जातो कुठे? तुम्ही रोज पाहता, म्हणून तुम्हालाच विचारते.’

तो जातो कुठे, हे धक्क्यावरच्या मांजरालाही ठाऊक होतं! कोटा वजनावर, आणि भाव मोठ्या माशाला. म्हणून बंदर जवळ आलं की बोटी लहान मासा पाण्यात फेकून द्यायच्या आणि मोठ्यानेच कोटा भरायच्या. फेकलेला मासा मेलेला असायचा. तो वहीतही नसायचा आणि समुद्रातही उरायचा नाही. सरकार मात्र वही बघून समजायचं, की पिल्लं सुखाने वाढताहेत. कोटा होता तसाच ठेवा.

असं फेकणं नियमाबाहेर होतं. खरं कळवलं, तर पहिला परवाना जाणार तो त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाचा. भाऊ एका बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान होता.

एके दिवशी भाऊ नऊ दिवसांनी परतला, तो निम्मी खोकी रिकामी घेऊनच.

“साहेबांनी कोटा दिला, मासे द्यायचे विसरले!” कचेरीत शिरता शिरता तो ओरडला. “निम्मासुद्धा भरत नाही. लिही त्यांना, समुद्र आटला म्हणावं!”

“दादा, एक विचारू? रागावणार नाहीस ना?”

“तुझी माफी नेहमी प्रश्नाच्या आधी येते. विचार.”

“या खेपेला पाण्यात किती टाकलास?”

तांडेल डोक्यावरची टोपी काढून झटकू लागला. बाहेर जाळं शिवत बसलेली वहिनी सुई हातात घेऊनच दारात आली.

“सांगा की. घरी चढतो तो आवाज आता कुठे गेला?”

“सगळेच टाकतात. कोटा पुढे मिळणाऱ्या मोठ्यासाठी राखायचा,” तांडेल पुटपुटला. “मेलेला मासा टाकला काय, आणला काय!”

“आणलेला मोजला जातो, टाकलेला नाही! तीन वर्षांपूर्वी फेकलेली पिल्लं आज मोठी होऊन या खोक्यांत असती. आणि भाऊजी, तुम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही. यांनी मासा बुडवला, तुम्ही त्या बाईंचं पत्र. तीन वर्षं वहीत दाबून ठेवलंय, मी पाहिलंय.”

काटेवाल्याचे कान लाल झाले. “वहिनी, दादाचा परवाना गेला तर?”

“सहा महिने जाईल, जाऊ दे. समुद्रच रिकामा झाला, तर परवान्याचं काय लोणचं घालायचं?”

तांडेल बाकावर बसला.

“चाळीस,” तो शेवटी म्हणाला. “शंभरातली चाळीस खोकी फेकली. गेल्या वर्षी एकदा तर अख्खं जाळं पिल्लांचं आलं होतं. बोटीमागे लांबवर पांढरा पट्टा पडला. मी मागे वळून पाहिलंच नाही.” मग त्याने मान वर केली. “लिही! माझ्या बोटीचं नाव आधी लिही. आणि हेही लिही, की धरलेला सगळा मासा धक्क्यावर आणायची सक्ती करा, लहानसुद्धा कोट्यात धरा. मग पिल्लं निसटतील अशी मोठ्या भोकांची जाळी आम्ही आपणहून लावू.”

“मी एक विणायला घेतलंय,” वहिनी म्हणाली. “तुमच्या हुकुमाची वाट कोण बघतंय?”

काटेवाला लिहायला बसला. पहिलं पान नुसत्या माफीतच संपलं. वहिनीने ते फाडलं. “माफी एका ओळीत पुरे. आकडे लिहा.” खाली दोघा भावांनी सह्या केल्या.

वाचकहो, कायदा कितीही शहाणा असला, तरी तो आपण सांगू तेवढंच पाहू शकतो. बोटीवरची लपवाछपवी आणि कचेरीतलं मौन, दोन्ही समुद्राला सारखीच महाग पडतात. पिल्लाला मोठं व्हायला तीन वर्षं लागतात. तेवढा धीर आपल्याला धरता येईल. पण आधी खरं बोलायला हवं!

टपालपेटीत पाकीट अर्धं सरकवून काटेवाला थांबला. एखादा शब्द चुकला तर नसेल ना?

“अरे, जाळं टाकताना हात सोडावाच लागतो,” शेजारी उभा असलेला तांडेल म्हणाला.

आणि काटेवाल्याने पाकीट सोडलं.