हॉर्नमामांच्या आतड्यातली लढाई

मी एक जुनी पांढरी पेशी आहे. तुमच्या शाळेची बस चालवणाऱ्या हॉर्नमामांच्या आतड्याच्या भिंतीत माझे घर आहे. पत्ता ऐकून नाक मुरडू नका, मित्रांनो. वस्ती गजबजलेली आहे आणि बाहेरचे सगळे ऐकू येते, मामांच्या ढेकरांसकट.

माझा जन्म मामांच्या हाडात झाला. शत्रूचे विष ओळखायचे आणि त्याला जखडणारी प्रतिपिंडे बनवायची, हे माझे काम. बरीच वर्षे मी रिकामटेकडीच होते. आतड्यात कोट्यवधी भले जंतू नांदत. एका दुष्ट जंतूचे बीजाणू कोपऱ्यात निपचित पडले होते, पण त्या दाटीत त्यांना डोके वर काढायला जागाच नव्हती.

मग मामांची दाढ ठणकली. डॉक्टरांना न विचारता त्यांनी मेव्हण्याच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या, आणि आमच्या वस्तीत कत्तल झाली. भले जंतू पटापट मेले. बीजाणू मात्र टणक कवचात सुखरूप होते. मोकळे रान मिळताच ते फुटले, वाढले आणि विष ओकू लागले. माझ्या शेजारणी डोळ्यांदेखत फाटल्या. भिंतीला भगदाडे पडली, रक्त वाहू लागले. लढाईत मी अगदी नवखी. विष ओळखेपर्यंत उशीर झाला आणि प्रतिपिंडे झाली ती मूठभर.

मामांना दवाखान्यात न्यावे लागले. नेमक्या औषधाने शत्रू मेला. घरी सोडताना डॉक्टरीणबाई मामींना म्हणाल्या, "बीजाणू अजून आत असतील. यांच्या रक्तात प्रतिपिंडं फार कमी आहेत, दुखणं उलटू शकतं. मला विचारल्याशिवाय अँटिबायोटिक द्यायचं नाही. पुन्हा झालं तर यांना झेपेलच असं नाही."

"मी डोळ्यात तेल घालून बघते," मामी म्हणाल्या.

पण मामा शिंकू लागले तेव्हा मामी बाजारात होत्या आणि मेव्हणा घरात.

"दाजी, घ्या या गोळ्या. सर्दी कुठल्या कुठे पळते बघा!"

"तुझी ताई ओरडेल रे."

"तिला कोण सांगतंय?"

मामांनी गिळल्या. पुन्हा कत्तल झाली, पुन्हा विष उसळले. पण आता ते मला तोंडपाठ होते. एकीच्या आम्ही असंख्य झालो आणि प्रतिपिंडांचा मारा सुरू केला. ती विषाच्या कणाकणाला झोंबली. त्या धुमश्चक्रीत माझ्या कितीतरी बहिणी चिरडल्या गेल्या. त्यांची आठवण आली की अजून जीव तुटतो. बाहेर मामी मामांचा हात धरून म्हणत होत्या, "अहो, डोळे उघडा ना." मेव्हणा दारातच उभा होता. त्याला त्यांनी आत येऊ दिले नाही.

शेवटी विषाचा जोर ओसरला. मामांनी पाणी मागितले आणि मामी हुंदके देऊन रडल्या.

आता मामा पुन्हा बसवर जातात. भले जंतू हळूहळू परतत आहेत, पण बीजाणू अजून आहेत, आणि मी थकले आहे. काल मामांचा घसा बसला. बस धुणारा म्हणाला, "माझ्याकडे भारी गोळ्या आहेत, आणू का उद्या?" मामा म्हणाले, "आण की."

मित्रांनो, मला लढता येते, पण मामांना हाक मारता येत नाही. तुमचा आवाज तर साऱ्या बसला पुरून उरतो. आज चढल्या चढल्या ओरडा, "मामा, आधी डॉक्टरीणबाईंना विचारा!" ते हॉर्न वाजवून तुमचा आवाज दाबतील. तरी थांबू नका.