डब्यातलं दूध गप्प झालं

बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून आजोबांनी जन्मभर गाड्या सोडल्या. सोडल्या म्हणजे तोंडाने. गाडी कुठली, फलाट कुठला, उशीर किती, हे त्यांनी माईकवर सांगितलं की बाकावर पेंगणारी माणसंही बोचकी उचलून बरोबर त्या फलाटावर जाऊन उभी राहत. निवृत्त झाल्यावरही भाजीवाली त्यांना मान वर न करता, नुसत्या आवाजावरून ओळखायची. अशा माणसाने घसा जपावा यात नवल नाही. पण आजोबांनी त्याचं देव्हाऱ्यातल्या देवासारखं केलं होतं. भर उन्हाळ्यात गळ्यात मफलर. पाणी कोमट. लग्नकार्यात सगळे आईस्क्रीमवर तुटून पडत तेव्हा हे कोपऱ्यात गरम पाण्याचा पेला धरून, लोक आपल्या पायावर कसा धोंडा पाडून घेतात ते बघत उभे राहत.

थंड म्हणजे घशाचा काळ, हे त्या घरातलं पहिलं कलम होतं. मुलगा ते बाहेर चोरून मोडायचा, सून माहेरी जाऊन मोडायची. मनापासून पाळत होती ती एकटी नात. तिला घरात बटण म्हणत, कारण ती लहान, गोल आणि सारखी कुठेतरी हरवणारी होती. आजोबांनी आज सूर्याला सुट्टी आहे म्हटलं असतं तर तिने पडदे ओढून घेतले असते. थंड खाल्लं की आवाज जातो आणि गेलेला आवाज परत येत नाही, हे त्यांनी तिला मांडीवर बसवून, तिचा तळहात आपल्या गळ्यावर ठेवून शिकवलं होतं. बोलताना गळा आतून थरथरतो ते तिला फार आवडायचं.

तर या बटणाच्या टॉन्सिल्सचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, गरम काही नको, सगळं थंडच; आईस्क्रीम द्या, हवं तेवढं द्या. आजोबांना वाटलं, माणूस थट्टा करतोय. मुलाने येता येता दुकानातून डबा आणला, पण बटणाने ओठ शिवून घेतले. आईस्क्रीम नाही, गार दूध नाही, गार पाणीसुद्धा नाही. बोलणंही बंद. दुखतंय म्हणून गिळत नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं. दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेला आणि दुपारी सुनेने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी स्पष्टच सांगितलं, संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर परत आणा, सलाईन लावावं लागेल.

बटणाने ते ऐकलं. तिच्या हातावर आधीच्या सुईचा निळा डाग अजून होता. ती आवाज न करता रडली. सुनेने चमचा पुढे केला तर तिने मान फिरवली आणि बोट दाखवलं ते आजोबांच्या मफलरकडे.

तेव्हा आजोबांना उलगडलं. पोरगी दुखण्याला भीत नव्हतीच. ऑपरेशनपासून तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि आता वर थंड गिळलं तर उरलासुरला आवाजही कायमचा जाणार, अशी तिची खात्री होती. ती खात्री कोणी करून दिली, हे काही माईकवरून सांगायची गरज नव्हती. ते तिच्याजवळ बसले आणि म्हणाले की नाही जात गं आवाज, डॉक्टरांना जास्त कळतं. बटणाने त्यांचं ऐकून घेतलं आणि पुन्हा मफलरकडे पाहिलं. जन्मभर गावाने ज्यांच्या शब्दावर पाऊल टाकलं, त्यांचा शब्द घरात चालेना.

सुनेने त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. ती केकच्या कारखान्यात कामाला होती आणि हाताने करण्याच्या गोष्टींवर तिचा बोलण्यापेक्षा जास्त भरवसा होता. दुकानातल्या डब्यातल्या आईस्क्रीमचं आत-बाहेर करून एव्हाना पातळ पाणी झालं होतं. ती म्हणाली, आपण घरी करू, तिच्या डोळ्यांदेखत, म्हणजे काय घातलं ते तिला दिसेल. फ्रीजरमध्ये लावलं तर उद्या उजाडेल, म्हणून तिने माहेरची जुनी रीत काढली. बर्फ कोपऱ्यावरच्या मासळीवाल्याकडून आला, थोडासा वासासकट. दूध, साय आणि साखर एका घट्ट झाकणाच्या कडीच्या डब्यात गेली, डबा बादलीत आणि भोवती बर्फ. मग सुनेने खड्याच्या मिठाची अख्खी पिशवी त्या बर्फावर उपडी केली.

आजोबांना राहवेना. "अगं, आईस्क्रीम करतेस की वरण?"

"डब्यात नाही, बाबा, बाहेर. तुम्ही फक्त कडी धरा आणि डबा फिरवत राहा."

बटण बाकावर पाय दुमडून बसली होती. आजोबा बादलीपुढे खाली बसले आणि डबा इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवू लागले. आत दूध खळखळत होतं. थोड्या वेळाने पाहतात तर बर्फ विरघळून पाणी होतंय आणि तरी थंडी वाढतेच आहे. हे त्यांच्या अकलेत बसेना. बोटं बधिर झाली. डब्याच्या गळ्यापाशी पांढरा खरखरीत थर धरला, हवेतूनच आल्यासारखा, आणि त्यावर नखाने रेघ ओढता येत होती. त्यांनी बटणाला ती ओढायला लावली. तिने एक ओढली, मग पटकन हात मागे घेतला, मग दुसरी ओढली.

सून मधून मधून झाकण काढून कडेचं खरवडून मध्ये ढकलत होती. आजोबा मात्र कान देऊन होते. डोळ्यांपेक्षा त्यांचा कानांवर विश्वास जास्त. खळखळ हळूहळू जड झाली. मग आत काहीतरी नुसतं घसरल्यासारखं वाजू लागलं. मग तेही थांबलं. डबा फिरत होता आणि आतलं दूध गप्प झालं होतं. आजोबांचे हात जागीच थबकले. इतकी वर्षं आवाजात घालवली, पण एखादी वस्तू गप्प होऊन दुसरीच वस्तू होते हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. देवळात गेल्यावर येते तशी शांतता त्या स्वयंपाकघरात आली होती, आणि ती मोडायची त्यांना भीती वाटली.

सुनेने झाकण उघडलं. आत पांढरं, मऊ, चमच्याच्या खुणा धरून ठेवणारं काहीतरी होतं आणि त्यातून बारीक धूर निघत होता. घरातलंच दूध, घरातलीच साखर.

मग आजोबांनी मफलर सोडला. एक एक वेढा काढून त्याची घडी घातली आणि बाकावर बटणाशेजारी ठेवली. त्यांचा उघडा गळा पांढरा आणि सुरकुतलेला होता. बटणाने तो उजेडात इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी चमचा भरला आणि तोंडात घातला.

आधी दात कळवळले. मग थंडी जिभेवर टेकली, क्षणभर थांबली आणि निघून गेली, आणि तिच्या मागून दूध आलं. असं दूध त्यांनी उभ्या जन्मात चाखलं नव्हतं. हे लोक लग्नात कशावर तुटून पडत होते ते त्यांना आत्ता कळलं, आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं.

बटण उठली आणि तिने आपला तळहात त्यांच्या गळ्यावर ठेवला. सून हातातला चमचा तसाच धरून उभी राहिली. खरं सांगायचं तर आजोबांचीही अजून पुरती खात्री नव्हती. जन्मभराचं शहाणपण एका चमच्यात जात नाही. खरंच आवाज गेला तर, हा विचार त्यांच्या मनाला शिवून गेलाच. त्यांनी श्वास घेतला.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं," त्यांनी काचेच्या खोलीतल्या भरगच्च आवाजात सुरुवात केली. समोरच्या घरातल्या बाईने खिडकी उघडून पाहिलं. "जिभेवरून पोटाकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर उभी आहे. गाडी आज वेळेवर आहे."

तळहाताखाली गळा नेहमीसारखा थरथरला. बटणाने हात काढला नाही. तिने तोंड उघडलं.

पहिला घास गिळताना तिचा चेहरा पिळवटला. मग ती नवलाने थांबली, कारण जिथे आग होत होती तिथे जरा गार वाटत होतं. दुसऱ्या घासाला तिने चमचा स्वतःच घेतला. वाटी निम्मी झाली तेव्हा सुनेने खिडकीकडे तोंड फिरवून पदराने डोळे पुसले आणि डॉक्टरांना फोन लावायला बाहेर गेली.

"आजोबा," बटण म्हणाली. आवाज फाटका होता, पण तिचाच होता. "असं लागतं, तुम्हाला माहीत होतं?"

आजोबांना खोटं बोलवेना. "नाही गं. मी कधी खाल्लंच नव्हतं."

बटणाने आपल्या वाटीतला चमचा काठोकाठ भरला आणि त्यांच्या तोंडापुढे धरला.

"घाबरू नका," ती म्हणाली. "आवाज जात नाही."