किरणपाणीचा धक्का

या, असे पुढे सरकून बसा. पेटी मिटलेली राहू दे, टाळ मांडीवर ठेवा. आरतीला अवकाश आहे, प्रसादाचा शिरा अजून वाफाळतोय. तोवर एक गोष्ट सांगते. खाडीची आहे. ऐकता ऐकता डोळे मिटले तरी चालतील. आख्यान मिटल्या डोळ्यांनीच जास्त दिसतं, हे तुम्हाला मी काय सांगावं!

दत्तारामकाका आठवतात ना? दत्ताराम पालयेकर. आपल्या फुजैराच्या भजनात खिडकीपाशी बसायचे. समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या बोटींकडे बघत बसायचे, आणि गजर सुरू झाला की त्यांचा टाळ कुठून तरी लांबून आल्यासारखा यायचा. बायको गेल्यावर गावाहून इकडे आखातात मुलाकडे आले होते. मुलगा नीलेश इथे तेलाच्या टर्मिनलवर, सून ममता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. नातवंडं दोन, अस्मी आणि अंश, दोघंही इथलीच जन्मलेली.

इथलीच, असं आपण म्हणतो. पण इथलं काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. नोकरी आहे तोवर व्हिसा, व्हिसा आहे तोवर घर. नीलेशच्या टर्मिनलवर माणसं कमी करायला सुरुवात झाली होती. अशात कोणीतरी त्याला सांगितलं, की तुझे वडील गोव्यात पोर्तुगिजांच्या काळात जन्मले, म्हणजे त्यांचा जन्म लिस्बनला नोंदवता येतो. मग तुझा, मग मुलांचा. भारताचा निळा पासपोर्ट परत द्यायचा, पोर्तुगालचा लाल घ्यायचा, आणि कुटुंब घेऊन जायचं. तिकडून पुन्हा कोणी ऊठ म्हणणार नाही.

त्या दिवसापासून त्या घरात एक स्वप्न राहायला आलं. ममतावहिनी पोळ्या लाटता लाटता आभाराचं 'ओब्रिगादा' म्हणायला शिकल्या. अंशने फ्रिजवर पोर्तुगालचा नकाशा लावला. नीलेश, जो कधी हसायचा नाही, तो गाडी चालवताना शीळ घालायला लागला.

दत्तारामकाका मात्र गप्प गप्प होत गेले.

डोंगरापलीकडच्या शहरात, रोल्लाला, कापडाच्या दुकानावर रोनितचं ऑफिस आहे. हे कागदपत्रांचं काम तो बघतो. गोव्याहून दाखला आला होता: दत्ताराम, मुक्ताबाईचा मुलगा, पालये गावी राहत्या घरी जन्म. शिक्का ठळक.

"यल्ला, चला काका, एक सही आणि खलास," रोनित म्हणाला. "फक्त लिहून द्यायचं, की या दाखल्यात आहे तिथेच माझा जन्म झाला. शपथेवर."

काकांनी पेन हातात घेतलं. टोपण काढलं. परत लावलं.

"आज नको," ते म्हणाले.

"काका, तब्येत बरी नाही का? पाणी मागवू?"

"तब्येत बरी आहे रे बाबा. आज नको."

परतीच्या वाटेवर डोंगर ओलांडून गाडी खाली उतरली तेव्हा काका म्हणाले, "जरा कलब्याला घे." फुजैराच्या खाली कलब्याची खाडी आहे, तुम्ही गेला असाल. वाळवंटाच्या या मुलखात तिथे एकदम कांदळवन, हिरवंगार, आणि मुळांमधून सळसळणारं पाणी. काकांना ती जागा फार आवडायची. म्हणायचे, देवाने आमच्या तेरेखोलच्या खाडीचा एक तुकडा इथे सांडला.

संध्याकाळची भरती चढत होती. चिखलातले खेकडे एक नांगी वर करून कोणाला तरी बोलावल्यासारखे करत होते. काठाला एक जुनी होडी पालथी पडली होती. तिच्यावर हात ठेवून काका म्हणाले, "नारळी पौर्णिमेला आई मला किरणपाणीला पाठवायची. धक्क्यावर खैरुद्दीन नावाड्याचं खोपटं होतं. आधी त्या घरी नारळ आणि खण, मग खाडीला नारळ. देवाच्या आधी त्याच्या आईला. ती म्हातारी माझ्या कानशिलांवर कडाकड बोटं मोडायची. मी विचारायचो, आपण त्यांच्याकडे का जातो? आई म्हणायची, जायचं असतं."

"बाबा," नीलेश म्हणाला, "सही का केली नाहीत?"

पाणी त्यांच्या चपलांपर्यंत आलं होतं.

"मी पालयेला जन्मलो नाही, नीलेश. पहिलं बाळंतपण माहेरी. आईचं माहेर खाडीपलीकडे, आरोंद्याला. ते तेव्हाही भारतात होतं. त्या वर्षी हद्द बंद झाली होती, येणं-जाणं चोरून. मामा होडी घेऊन आला आणि आईला घेऊन गेला. मी तिकडे झालो. माझ्या वडिलांनी नोंद करताना पालये सांगितलं. बायको चोरून पलीकडे गेलीय, हे पोर्तुगीज साहेबाला कसं सांगणार?"

"पण कागदावर पालये आहे."

"कागद बरोबर आहे रे. मीच चुकीचा आहे."

नीलेश आधी हसला, मग त्याचा आवाज चढला. "सत्तर वर्षं झाली, बाबा! कोण विचारायला बसलंय?"

"कोणी नाही. मला सांगायला लावतायत ना. देवाला साक्षी ठेवून."

"तुम्हाला काय, तुमचं गाव आहे! आरोंदा म्हणा, पालये म्हणा, दोन-दोन गावं आहेत. माझ्या पोरांचं कुठलं? अस्मीला वर्गात विचारतात, व्हेअर आर यू फ्रॉम? ती म्हणते फुजैरा, आणि सगळे हसतात. उद्या कंपनी म्हणाली खलास, तर कुठे घेऊन जाऊ त्यांना? तुमच्या हरिकथेत?"

हे शेवटचं त्याने बोलायला नको होतं, हे त्याचं त्यालाच कळलं. पण बाण सुटला होता. काकांनी फक्त पालथ्या होडीवरची वाळू तळहाताने पुसली, एखाद्या गुराची पाठ पुसावी तशी.

घरी ममतावहिनींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनीच तर पडद्यांचे रंगसुद्धा मनात ठरवले होते. बराच वेळ त्या कोथिंबीर निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिकडच्या घरात बाबांची खोली असणार होती ना? त्या खोलीत त्यांना झोप लागणार नसेल, तर तुम्हाला शेजारच्या खोलीत लागेल?"

"लागेल," नीलेश म्हणाला.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि कोथिंबीर निवडत राहिल्या.

सकाळी समुद्रावर धुकं होतं. बोटी पाण्यात नव्हे, ढगात उभ्या असाव्यात तशा दिसत होत्या. नीलेशने बाल्कनीतून रोनितला फोन केला. आत काकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "फाइल बंद कर. बाबांचा जन्म तिथे झालेला नाही."

"नीलेशभाई, पागल झालात काय? दाखला हातात आहे!"

"आहे. पण बाबांना नाही म्हणायचं तसं. आणि मलाही त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचं नाही."

फोन ठेवून तो आत आला. फ्रिजवरचा नकाशा काढायला हात उचलला, पण अंश शेजारी दूध पीत होता, म्हणून नुसतंच दार उघडून पाण्याची बाटली घेतली. काकांनी मुलाकडे पाहिलं, आणि मुलाने बाटलीकडे.

आता बघा, आख्यान इथे संपायला हरकत नव्हती. सत्य राखलं, स्वप्न गेलं, बोला पुंडलिक वरदे. पण देवाला गोष्टी अर्ध्या सोडायची सवय नाही.

अस्मी सोफ्यावर पाय घेऊन बसली होती, फोनवर आरोंद्याचा नकाशा मोठा करत. तिने मान वर न करता विचारलं, "आजोबा, बट व्हेअर एक्झॅक्टली?"

"काय गं?"

"तुम्ही म्हणता ना, नाळ पुरली ते आपलं गाव. सो, आरोंद्यात कुठे? कुठल्या घरी? झाडाखाली? आय वॉन्ट टू सी इट. मला निदान एक जागा दाखवा, जी शुअर आहे."

हे काकांनी आईला कधी विचारलंच नव्हतं. पण प्रल्हादमामा होता ना! होडी घेऊन बहिणीला न्यायला आलेला तोच भाऊ. आता नव्वदीला टेकलेला, कानाने जड, पण आरोंद्यात खणखणीत. त्याच्या नातसुनेने व्हिडिओ लावून दिला. पडद्यावर आधी छप्पर दिसलं, मग एक कान, मग मामा.

"मामा!" काका ओरडले. "माझी नाळ कुठे पुरली होती?"

"काय? बाळ कोणाक झाला?"

"बाळ नाही, नाळ! माझी नाळ! आरोंद्यात कुठे पुरली?"

मामाने फोन तोंडाशी ओढला, पडदा क्षणभर काळा झाला. सगळ्यांना वाटलं, नेटवर्क गेलं. मग तो हळूच म्हणाला, "आरोंद्यात नाय, दत्तू."

"म्हणजे?"

"तू हय जन्माक येवकच नाय." मामाने इकडेतिकडे पाहिलं, जणू कोणी वडीलधारं ऐकत असेल. "मी अक्काक आणूक गेललंय. किरणपाणीच्या धक्क्यार इलव, आणि होडयेत पाय ठेवता ठेवताच तिका कळा सुरू झाल्यो. पाणी ओहोटलेला, होडी हलना. काय करतलव? खैरुद्दीनाच्या आवशीन तिका घरात घेतल्यान. तिणाच तुका पयलो हातात घेतल्यान बाबा, तिच्याच लुगड्यात गुंडाळल्यान. नाळ थंयच, तिच्या दारातल्या माडाच्या मुळात. तिसऱ्या दिसा मी तुमका दोघांक हय आरोंद्याक हाडलंय."

"मग आई माहेरी म्हणून का सांगायची?"

"अरे, तुझी आजी! मुसलमानाच्या घरात झिल जन्माक इलो म्हटल्यार तिणा तुका उंबऱ्याच्या आत घेतल्यान असता? अक्कान माका शपथ घातली. मी आजपर्यंत कोणाक सांगूक नाय." मग मामा हसला, उरलेल्या दोन दातांनी. "पण आता रागावूक कोण रवलाहा? आणि तू तरी कधी इचारलंस?"

नीलेश बाटली हातात धरून तसाच उभा. किरणपाणीचा धक्का म्हणजे अलीकडचा काठ. गोव्याचा. खाडी ओलांडायच्या आधीचा.

काका रडत होते, पण ते पासपोर्टसाठी नव्हे हे सगळ्यांना कळत होतं. दोन्ही हात त्यांनी आपल्या कानशिलांवर ठेवले होते. "जायचं असतं, म्हणायची," ते पुटपुटले. "देवाच्या आधी तिच्या घरी."

ममतावहिनींनी पुढे होऊन विचारलं, "मामा, त्यांचं नाव काय होतं?"

"कोणाचा?"

"खैरुद्दीनच्या आईचं."

मामाने पुष्कळ आठवून पाहिलं. "आमी सगळी तिका खैरुद्दीनाची आवसच म्हणू," तो शेवटी म्हणाला. "नाव काय ता ठावक नाय, गो बाय."

पुढच्या आठवड्यात पुन्हा रोल्ला. रोनितने फाइल बंद केलीच नव्हती, म्हणाला, "मला माहीत होतं, इन्शाल्ला तुम्ही येणार." काकांनी अट घातली, की पालये नव्हे, किरणपाणीचा धक्का असं लिहायचं, आणि राहतं घर नव्हे, खैरुद्दीन नावाड्याच्या घरी, त्याच्या आईच्या हातून.

"काका, एवढी जागा नसते हो त्या रकान्यात!"

"मग वेगळा कागद जोड."

"अजून वेळ लागेल. तपासतील, परत विचारतील. नाहीसुद्धा म्हणतील."

काकांनी नीलेशकडे पाहिलं.

"जोड रे," नीलेश म्हणाला. "लागू दे वेळ."

रोनितने कपाळाला हात लावला आणि वेगळा कागद घेतला. मामाची जबानी तिकडे आरोंद्यात वकिलासमोर झाली. ती देताना मामाने त्या वकिलालाही दोनदा दरडावलं म्हणे. दत्तारामकाकांनी सही केली, ती एका झोकात.

वेळ खरंच लागला. मध्ये नीलेशची नोकरी गेली, दुसरी लागली. कागद दोनदा परत आले, दोनदा गेले. त्या काळात काका एकदा किरणपाणीला जाऊन आले. खोपटं नाही, माड नाही. ती माणसं कुठे गेली ते कोणाला सांगता येईना. बरोबर नेलेला नारळ त्यांनी धक्क्यावर ठेवला आणि नेलेली साडी पाण्यात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणाऱ्या एका बाईला दिली. ती म्हणाली, "माका कित्याक?" हे म्हणाले, "घे गे, पोचायची होती." आणि तिने काय केलं असेल? ओले हात पदराला पुसून या अनोळखी म्हाताऱ्याच्या कानशिलावर बोटं मोडली. काका हे सांगायचे तेव्हा खिडकीबाहेरच्या बोटी हळूच हलल्यासारख्या वाटायच्या.

मागच्या महिन्यात ते सगळे गेले. लाल पासपोर्ट घेऊन. निघताना अंशने तो नकाशा फ्रिजवरून काढून छातीशी धरला होता. अस्मीने परवा व्हॉइस मेसेज पाठवला: नव्या वर्गात तिला विचारलं, तू कुठली? ती म्हणाली, एका नावाड्याच्या घरची. कोणी हसलं नाही, म्हणाली. सगळ्यांनी गोष्ट मागितली. मागे काकांचा टाळ ऐकू येत होता.

चला, पेटी उघडा. पण एक मागणं आहे. आत्ता गजर होईल, आपण सगळ्यांची नावं घेऊ, संतांची, देवांची, गुरूंची. ती झाली की लगेच आरतीला उठू नका. एक ठेका मोकळा सोडा. त्या बाईचं नाव ना दाखल्यावर आहे, ना पासपोर्टवर, ना प्रल्हादमामाच्या जिभेवर. तेवढा ठेकाभर खैरुद्दीनच्या आईची आठवण ठेवा.