घासलेल्या विटा

सकाळी प्रयोगशाळेत आल्या आल्या तिनं आधी काट्याकडे पाहिलं. पाण्याच्या टबात मातीची एक गोल वडी होती आणि तिच्या डोक्यावर घड्याळासारखं मापक. वडी फुगली तर काटा सरकणार. काल संध्याकाळी तो सात रेघा सरकला होता, तेव्हा तिला वाटलं होतं की टबाला कुणाचा तरी धक्का लागला असेल. आज तो बारावर होता.

शाळेच्या दोन नव्या खोल्यांखालची माती चिकण होती. पाणी प्यायली की फुगायची, वाळली की भेगाळायची. जुन्या खोल्यांची फरशी या मातीनेच उखडली होती, म्हणून मुलं वर्षभर व्हरांड्यात बसत होती. या वेळी मातीत चुना आणि पाडलेल्या इमारतीच्या विटांची भुकटी कालवायची, म्हणजे तिची खोड मोडेल, असं ठरलं. ठेकेदार होता तिचा मामा. चाचणी तिची होती आणि अहवालावर सहीही तिचीच. त्या चाचणीत काटा जागचा हलला नव्हता.

ही दुसरी वडी तिनं आठवड्यापूर्वी शाळेच्या अंगणात आधी अंथरून पाहिलेल्या नमुन्याच्या पट्ट्यातून कापून आणली होती, केवळ रीत म्हणून. माती तीच, चुनाही तोच.

पहिल्या चाचणीची जपून ठेवलेली वडी आणि ही, तिनं दोन्ही फोडल्या. नव्या वडीत पांढरे कण होते, नखानं खरवडले जाण्याइतके मऊ. पाडलेल्या भिंतींवरचा जिप्समचा गिलावा. मग तिला आठवलं. पहिल्या चाचणीसाठी विटा तिनं स्वतः ढिगातून उचलल्या होत्या आणि दळण्याआधी तारेच्या ब्रशनं लखलखीत घासल्या होत्या, कारण आपल्या यंत्रात घाण गेलेली तिला खपत नसे. ही पोरगी साबणसुद्धा धुऊन वापरते, असं मामा सगळ्यांना सांगायचा. कामावरच्या यंत्रानं मात्र विटा गिलाव्यासकट दळल्या होत्या. ओल्या चिकणमातीत चुना आणि जिप्सम एकत्र आले की सुयांसारखे बारीक स्फटिक वाढतात, आणि नुसती माती फुगून फरशी उचलणार नाही इतकी ते उचलतात.

मिश्रण काल अंथरून झालं होतं. आज रोलर, उद्या काँक्रीट. तिनं चारदा फोन लावला. रोलर चालू असताना मामा फोन घेत नसे. वडीचे तुकडे रुमालात बांधून, ब्रशसकट पिशवीत टाकून ती निघाली.

ती पोचली तेव्हा पहिली खोली निम्मी दाबून झाली होती. तिनं हात आडवा केला. रोलरवाल्यानं आधी मामाकडे पाहिलं, मग यंत्र थांबवलं. अचानक सगळं शांत झालं.

तिनं रुमाल उघडून सगळं सांगितलं, ब्रशनं विटा घासल्याचंसुद्धा लपवलं नाही. मामानं एक पांढरा कण बोटांत चुरला. रोलरवाला म्हणाला, इतकं दाबल्यावर काय फुगतंय. मामाला ते पटावंसं वाटत होतं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तुझ्या सहीवर केलंय मी हे," तो म्हणाला.

"हो. चूक माझी आहे, मामा."

"किती उचलेल?"

"दोन बोटं. जास्तही असेल. पाऊस मुरला की कळेल."

मामानं दाराच्या रिकाम्या चौकटीकडे पाहिलं. दरवाजे आत उघडणारे होते.

"म्हणजे फरशी वर आली की दार अडकणार," तो हळूच म्हणाला. "पोरं आतच."

 मामानं रोलरवर चढून किल्ली काढली आणि खिशात टाकली. रोलरवाल्याला त्यानं सगळं मिश्रण उकरून बाहेर काढायला माणसं आणायला सांगितलं, दाबलेलं आधी.

"मुख्याध्यापिकाबाईंना मी सांगते," ती म्हणाली.

"मी सांगतो. ठेका माझा आहे." व्हरांड्यातून मुलांचे पाढे ऐकू येत होते. तो तिकडे चार पावलं गेला आणि वळला. "तू ढिगाकडे जा. नवा नमुना आण. आणि ब्रश इथं ठेवून जा."

तिनं पिशवीतून ब्रश काढला आणि त्याच्या हातात दिला.