पाचवी ओळ

काळ्या प्लास्टिकची ती पळीसारखी चकती डाव्या डोळ्यावर धरली तेव्हा गार लागली, मग तिच्याच गालाच्या उबेनं कोमट होत गेली. उघडा राहिला तो उजवा डोळा. त्याच्या खालच्या कोपऱ्यात दोन महिने एक करडी सावली बसून होती – सरावात तिथं एक ठोसा बसला, त्या दिवसापासून. समोरच्या तक्त्यावरचं पहिलं अक्षर चांगलं ढळढळीत होतं. खाली अक्षरं बारीक होत जात, आणि चौथ्या ओळीनंतर नुसत्या मुंग्या.

"वाचा," मुष्टियुद्ध मंडळाचे डॉक्टर म्हणाले. ते मान खाली घालून फॉर्म भरत होते. त्यांची सही झाली की वर्षभराचा परवाना, आणि पुढच्या महिन्यात अजिंक्यपदाच्या पट्ट्यासाठीची लढत... घरी बाबांच्या पट्ट्याशेजारी दुसरा खिळा आधीच ठोकून ठेवला होता.

बाबांना सगळे खांब म्हणत, कारण सबंध कारकिर्दीत ते एकदाही आडवे झाले नाहीत. मान किंचित डावीकडे वळवून उभं राहायची त्यांची ती ढब – तिनं सहाव्या वर्षापासून आरशासमोर गिरवली होती. प्रशिक्षक काका कपाळाला हात लावत. उजवी बाजू उघडी पडते पोरी, सरळ बघ, म्हणत. ती कशाला ऐकते! खांबाच्या मुलीला उभं राहायला शिकवणार हे! बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सगळं बघत असत, आणि काही बोलत नसत. त्या गप्प बसण्याला ती कौतुक समजत आली होती.

पहिली ओळ तिनं वाचली. दुसरीही.

सावलीचं तिनं आज सकाळीच बाबांना सांगितलं. वाटलं होतं, चिडतील, लढत रद्द करा म्हणतील. ते चहाच्या कपात बघत राहिले. मग पाढे म्हणावेत तसे एका सुरात म्हणू लागले – त, ग, प, र... ही पाचवी, मग सहावी. तक्ता अजून तोच आहे, म्हणाले. त्यांचा डावा डोळा गेला तेव्हा त्यांनी तो पाठ केला होता, आणि पुढची सहा वर्षं तपासणीला तसंच बसले होते. आईलाही कधी कळू दिलं नाही.

"म्हणजे तुमची ती मान..."

"त्या बाजूचं दिसायचं नाही ना," बाबा म्हणाले. "वळवावी लागायची."

इतकं साधं. वीस वर्षं घोटलेली ढब म्हणजे एका न दिसणाऱ्या डोळ्याची अडचण... आणि ते बघत बसले होते. एका वाक्यानं थांबवता आलं असतं, पण ते एक वाक्य बोललं की खांब कोसळला असता. तिला ओरडावंसं वाटलं. पण बाबा म्हणाले, एकदा म्हणून दाखव, आणि तिनं शाळेतल्यासारखं म्हणून दाखवलं. मग बसच्या खिडकीशी बसून सबंध रस्ताभर ती तो राग सांभाळत आली.

तिसरी. चौथी अडखळत.

"पाचवी?"

अक्षरं जिभेवर आपण होऊन आली होती. त, ग... ती थांबली. चांगला डोळा झाकला की बाबांना तर ह्या मुंग्यासुद्धा दिसत नसणार. तिशीतला, नावाजलेला माणूस, ह्याच खोलीत, पार अंधारात बसून एकेक अक्षर पुढे ढकलतोय, आणि समोर डॉक्टरांनी मान वर केली की नाही हेही त्याला कळत नाहीये...

डॉक्टरांनी आता मान वर केली होती. "सावकाश," ते म्हणाले. "घाई नाही."

ती तक्त्याकडे बघत राहिली. राग कुठं ठेवावा ते कळेना. बाबा किती घाबरले असतील, हे आजवर कधी मनातच आलं नव्हतं. आता आलं होतं, आणि जात नव्हतं.