मंगळवारची गोळी

"गाडीतून खाली उतरायचं नाही," कुंदा म्हणाली. "सिंह झोपलेला दिसला तरी नाही. आणि अंधार पडल्यावर तंबूबाहेर एकटं जायचं नाही."

चंद्रप्रकाश परब शर्टाची बाही वर करून बसले होते. सुई टोचून झाल्याचं त्यांना कळलंही नव्हतं. "सिंहाला काय घाबरायचंय सिस्टर," ते म्हणाले, "अडतीस वर्षं मरोळच्या छापखान्यात काढलीत. सहा मॅनेजर बघितलेत."

कुंदा हसली नाही. असे विनोद तिला दिवसाला चार तरी ऐकायला मिळत. अंधेरीच्या या केंद्रात आफ्रिकेला निघालेली माणसं यायची, यलो फीव्हरची लस घ्यायची आणि सिंहाची चौकशी करायची. डासाबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. मग तीच सांगायची: मलेरियाच्या गोळ्या चुकवू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, बाटलीबंद पाणी प्या, कापून ठेवलेली फळं खाऊ नका. महापालिकेच्या इस्पितळात तेहतीस वर्षं आणि निवृत्तीनंतर इथे सहा. एवढ्या काळात ती स्वतः महाबळेश्वरच्या पलीकडे गेली नव्हती. आता तर पार्ल्याच्या घराचे दोन जिने चढतानाही गुडघे बोलायला लागले होते.

"अर्धा तास बाहेर बसा, चक्कर आली तर हाक मारा," असं सांगून तिने परबांना पाठवलं आणि त्यांच्या बायकोला आत घेतलं.

विमलाचा फॉर्म नवऱ्यानेच भरला होता. रोजची औषधं: नाहीत. फॉर्मवर भरवसा ठेवायचा नाही हे कुंदा कधीच शिकली होती. ट्रिपचे पैसे भरले की आपल्या माणसांचे सगळे आजार एका रात्रीत बरे होतात. बाही सरकवताना तिला विमलाची बोटं दिसली. सांधे सुजलेले, अंगठी करंगळीत.

"आठवड्यातून एकदाच घ्यायची अशी काही गोळी आहे?"

विमलाने दाराकडे पाहिलं. "दर मंगळवारी. सांध्यांची. पण ती रोजची नाय ना?"

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं. ह्यांना कॅल्शियमची म्हणून सांगितलंय."

कुंदाने भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "या लसीत जिवंत विषाणू असतो. तुमची गोळी अंगातली लढायची ताकद दाबून ठेवते. लसच उलटेल तुमच्यावर. जिवावर बेतेल."

"तुमी लिवू नका ना. टोचा फक्त." विमलाने आवाज उतरवला. "मी नाय गेले तर हे पण नाय जाणार. रिटायर झाल्यापासून खिडकीत बसून असतात. दिवसदिवस तोंड उघडत नव्हते. ह्या ट्रिपचं ठरल्यापासून माणूस परत बोलायला लागलाय, सिस्टर. आता वाट नका लावू."

कुंदाला एकदम थकवा आला. नाही म्हणायचं काम नेमकं आपल्याच वाट्याला का येतं? तिचा नवरा नंदकिशोर दरवर्षी काश्मीरचा विषय काढायचा आणि ती दरवर्षी म्हणायची, रजा मिळणार नाही. खरं तर तिने कधी अर्जच केला नव्हता. वॉर्डातून तिचाच पाय निघत नसे. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी ते 'नाही' तिला अजून बोचायचं. या बाईला हो म्हणावं असं तिला अगदी मनापासून वाटलं. डोस भरलेला होता, दार लोटलेलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

आतल्या खोलीतल्या डॉक्टर शर्मिष्ठांनीही तेच सांगितलं. लस न घेता जाण्याच्या सवलतपत्रावरही त्या सही करणार नव्हत्या.

"मग लस संपली म्हणून सांगा ह्यांना," विमला म्हणाली.

"पुढच्या आठवड्यात परत घेऊन येतील तुम्हाला," कुंदा म्हणाली. "खरं सांगू?"

विमलाने होकारार्थी मान हलवली.

बाहेरच्या बाकावर परबांनी सगळं ऐकून घेतलं. बायकोकडे न बघता म्हणाले, "बुधवारी एवढी गळून का जाते, विचार करायचो. मला वाटायचं, मंगळवारचा उपास बाधतो."

"तुम्ही एकटे जाऊ शकता," कुंदा म्हणाली. "तुमचं लसीचं कार्ड आयुष्यभर चालेल."

"जावा ना तुमी," विमला म्हणाली. "फोटो दाखवा मला."

"एकटा जाऊन करू काय? सिंहाशी बोलू?" त्यांनी कार्ड विमलाच्या पर्समध्ये टाकलं आणि उठले. "चल."

"अर्धा तास झाला नाही अजून," कुंदा म्हणाली.

ते पुन्हा बसले. खिशातून चष्मा काढून त्यांनी डोळ्यांवर चढवला, विमलाचा हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला आणि छापखान्यात प्रूफ तपासावं तसं एकेक बोट बघू लागले. कुंदाला पुढच्या माणसाला हाक मारायची होती, पण ती दारातच उभी राहिली.

"हे दुखतं?" परबांनी विचारलं.

"नाय."

"हे?"

"नाय ओ."

"खरं सांग. आणि हे?"

विमलाने हात ओढून घेतला नाही.

"दुखता," ती म्हणाली.