चौथा बोल्ट

या मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. दाराशी बसलात तर तळ्यावरचा वारा लागेल, आणि माझा आवाज काही मोठा नाही. एका शनिवारची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट मत्सराची आहे, पण उठताना तुमचं मन हलकं होईल, एवढं वचन देतो.

मी एक जुना पाना आहे. हातभर लांब, दोन्ही टोकांना कडी असलेला. माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. लालभडक लोखंडावर घण पडले, मग तेलात बुडवून मला थंड केलं. तिथून मी बफेलो शहरात ल्यूशस टार्व्हर यांच्या गॅरेजात आलो आणि इथलाच झालो.

इथे बर्फ पडतं, आणि बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. लोणच्याच्या बरणीत नसेल इतकं मीठ इथल्या गाड्यांच्या पोटाखाली साचतं. बोल्ट आणि नट गंजून एकमेकांना असे मिठी मारतात, की दोघांचं कधी वेगळं घर होतं हेच विसरतात. ज्याला घाई, त्याच्या हातात तुटकं डोकं येतं आणि उरलेला बोल्ट चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, अडकून बसतो.

ल्यूशस यांना घाई नव्हती. ते समोरच्या चर्चमधले डीकन, म्हणजे पाळकांचे मदतनीस. त्यांची रीत ऐका. आधी बोल्टावर गंज सोडवायचं तेल सोडायचं. मग हातोडीने हलकेच टकटक करायची, झोपलेल्याला उठवावं तशी. आणि मग एक जुनं स्तोत्र गायचं, सगळ्या कडव्यांसकट! चर्चमध्ये गातात तसं: आधी ओळ नुसती म्हणायची, मग तीच ओळ लांबवर ओढत न्यायची. स्तोत्र संपलं की मला बोल्टावर चढवायचे, आणि सोडवण्याआधी उलट किंचित आवळायचे. मग किंचित सैल. पुन्हा तेल, पुन्हा स्तोत्र.

"ओढणाऱ्याच्या हाती डोकं येतं, थांबणाऱ्याच्या हाती बोल्ट," असं ते म्हणत.

गाताना मी त्यांच्या मुठीत असे. त्यांच्या छातीतला खर्ज दंडातून मनगटात आणि मनगटातून माझ्यात उतरे. मित्रांनो, लोखंडाला याहून मोठं भाग्य कोणतं? गिऱ्हाइकं म्हणत, "ल्यूशस, तुझा पाना पण तुझ्यासारखाच धार्मिक दिसतो!" आणि मी फुगून जाई.

पुढे त्यांची बोटं आखडली. मूठ वळेना. गॅरेज त्यांची मुलगी रेनेटा बघू लागली. पोरगी कष्टाळू, हुशार. पण तिने एक दिवस बॅटरीची गन आणली. अंगाने लाल, आवाजाने कर्कश. चाप ओढला की तडतडतडतड, आणि बोल्ट बाहेर! आणि तिला ठेवलं कुठे? माझ्या खुंटीवर. मला खालच्या खणात टाकलं, मोडक्या पकडींच्या शेजारी. माझा नुसता जळफळाट झाला. ती तडतडली की गाणं बंद. तिच्या आवाजात स्तोत्र कुणाला ऐकू येणार? मी खणातल्या अंधारात रोज एकच मागणं मागे: देवा, हिचं एकदा तरी नाक कापलं जाऊ दे.

आणि तो शनिवार उजाडला.

चर्चची व्हॅन दारात आली. बर्फावरून घसरलेल्या कुठल्याशा मोटारीने तिला मागून धडक दिली होती. मागचा बंपर असा वर वाकला होता, की मागची दारं उघडेनात. चाकाची खुर्ची चढवायचा-उतरवायचा पाळणा त्या दारांतूनच खाली येतो. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांचा शेवटचा उपदेश होता. त्यानंतर ते निवृत्त होणार होते. आमच्या पाळकसाहेबांचा उपदेश बोलण्याने सुरू होतो आणि मध्यावर येईतो गाणं होतो. हे गाणं लहानपणी त्यांना शिकवलं मदर झेल्फियांनी. चर्चमधली सगळ्यांत वडीलधारी बाई, आता वृद्धाश्रमात, चाकाच्या खुर्चीत. व्हॅन दुरुस्त झाली नाही तर आपल्या शिष्याचा शेवटचा उपदेश त्यांना ऐकायला मिळणार नव्हता.

"चारच बोल्ट आहेत," रेनेटा म्हणाली. "जेवायच्या आत होईल."

गन तडतडली. पहिल्या बोल्टाने एक क्षण दम धरला, आणि कटकन त्याचं डोकं उडून कोपऱ्यात गेलं. मागे राहिला तो चासीत अडकलेला बुंधा.

मित्रांनो, मी खणात अक्षरशः नाचलो! शेजारच्या पकडी खणखणल्या.

तो बुंधा बाहेर काढायला रेनेटाला आधी त्यात भोक पाडावं लागलं. दुपार त्यातच गेली. तिच्या कपाळावर काळे फराटे आले होते. उरलेले तीन तुटले तर उद्याचा रविवार गेलाच. तेवढ्यात ल्यूशस काठी टेकत आले. हातात कागदात गुंडाळलेला तळलेला मासा आणि मक्याचा पाव.

"खाऊन घे बाळ. तुझी आई असती तर मला रागावली असती."

"बाबा, आता खायला वेळ नाही."

"वेळ नाही म्हणूनच तर डोकं उडालं ना त्याचं." ते उलट्या बादलीवर बसले. "माझा म्हातारा कुठे गेला?"

"कोण म्हातारा?"

"पाना गं. का भंगारात घातलास? मला पण घालणार असशील तर आधी सांग, टोपी घेऊन निघतो."

रेनेटा हसली. खण उघडला. कितीतरी दिवसांनी माझ्यावर उजेड पडला!

"तेल सोड. आता हातोडी. अगं, हळू! बोल्ट आहे तो, तुझा नवरा नाही."

"नवरा असता तर जोरात मारली असती, बाबा."

"बरं. आता थांब."

"किती वेळ?"

उत्तर म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि स्तोत्राची पहिली ओळ धरली. रेनेटा वैतागून घड्याळाकडे बघत राहिली. पण तिसऱ्या कडव्याला तिचे खांदे खाली आले, आणि मासा कधी संपला ते तिलाच कळलं नाही.

मग मी चढलो. आधी किंचित आवळ. मग सैल. आटे कुरकुरले. पुन्हा तेल, पुन्हा स्तोत्र. दुसरा बोल्ट हलला. तिसराही हलला. आणि आता माझं कौतुक होणार, तेवढ्यात तिने मला जमिनीवर ठेवलं आणि उरलेले आटे काढायला गन उचलली. तडतडतड! दोन्ही बोल्ट पटापट बाहेर.

"बघ बाबा, कशी काढते!"

"चांगली आहे हं तुझी ही," ल्यूशस म्हणाले.

चांगली आहे! डोंगर मी पोखरला आणि उंदीर तिने दाखवला, तर टाळ्या तिला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

राहिला चौथा. तो सगळ्यांत आत, सायलेन्सरच्या नळीआड. मला फिरायला जागा नाही, गनचं तोंड आत जाईना. रेनेटाने जमिनीवर आडवी होऊन हात घातला. हा तुटला तर त्याला भोक पाडायलाही जागा नव्हती. ती ओठ चावत म्हणाली, "बाबा, हा नाही निघायचा. मदर झेल्फियांना काय सांगू मी?"

"आधी चाचपून तर बघ."

तिने चाचपलं. मग हात बाहेर काढला. चौथा बोल्ट तिच्या बोटांत होता. ना माझा जोर लागला, ना गनचा; धडकेने ढिला पडलेला तो बोटांनीच फिरला होता. त्याच्या आट्यांवर काळं, मऊ वंगण तसंच होतं.

"हा कोणी बसवला?"

ल्यूशस यांनी बोल्ट डोळ्यांजवळ नेला. "बर्फ ढकलणाऱ्या गाडीने एकदा ही बाजू ठोकली होती. तेव्हा हा एकच मोडला. म्हणजे मीच बसवला असेल."

"आणि वंगण का लावलंस? कोणी बघणार नव्हतं."

"पुढे कोणीतरी काढणार होतं ना, बाळ."

रेनेटाने वंगणाचा डबा उघडून वडिलांच्या पुढ्यात ठेवला. नव्या बंपरच्या प्रत्येक बोल्टाला त्यांनी त्या आखडलेल्या बोटांनी वंगण लावलं, हळूहळू, देवघरात गंध लावावं तसं. तेवढं काम त्या बोटांना अजून येत होतं. गन आणि मी, आम्हा दोघांचीही जिरली होती. मी आता त्या डब्यावर जळत होतो.

रविवारी मागची दारं उघडली आणि पाळणा खाली आला. मदर झेल्फिया जांभळी टोपी घालून आल्या. आमच्या शटरच्या फटीतून समोरचं सगळं ऐकू येत होतं. पाळकसाहेबांचा उपदेश गाण्यावर आला, आणि शेवटचा निरोप घेताना त्यांचा सूर तुटला. मग एक थरथरता, बारीक आवाज आला. मदर झेल्फियांनी पुढची ओळ म्हटली होती. सगळ्या चर्चने ती उचलली, आणि सगळ्यांच्या खाली ल्यूशस यांचा खर्ज होता. कुठल्याशा बाकाचा दांडा धरून ते गात असतील. त्या लाकडाचा मला जो हेवा वाटला, तो कोणाला सांगू?

पुढच्या हिवाळ्यात ल्यूशस देवाघरी गेले.

गन अजून माझ्या खुंटीवर आहे. पण शेजारी दुसरी खुंटी ठोकली आहे, तिच्यावर मी. तेल सोडल्यावर आता रेनेटा थांबते आणि गाते. सूर जरा चढा लागतो. खर्ज नाही. तरी तिच्या मुठीतून काहीतरी माझ्यात उतरतं.

मित्रांनो, तुम्हीही कधी काही आवळाल. सायकलचा बोल्ट असेल, दाराची बिजागरी असेल. तेव्हा घाई करू नका. उद्या ते सोडवणारा हात दुसऱ्या कोणाचा असेल. त्याच्यासाठी बोटभर वंगण लावा. आणि लावताना, कोणी बघत नसलं तरी, बफेलोच्या ल्यूशस टार्व्हर यांची आठवण काढा.